पायरीखाली थांबलेली चिवणी

घरी आलेल्या पाहुण्याला दोन गोष्टी दाखवायची माझ्या बाबांना सवय आहे. एक म्हणजे भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ. घराला रंग काढताना ते तेवढी पट्टी मुद्दाम सोडायला लावतात. दुसरी म्हणजे मागच्या खिडकीतून दिसणारी, नदीत आडवी टाकलेली काँक्रीटची पायरी. "ती आमच्या मुलीनं बांधली," असं ते सांगतात. मी बांधली नाही, फक्त आराखडा काढला, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय. ते ऐकून घेतात आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच सांगतात.

आमची वसाहत बोरिवलीत, नदीच्या अगदी काठावर. नदी म्हणजे काही फार मोठी नाही. नॅशनल पार्कच्या डोंगरातून निघायचं आणि मनोरीच्या खाडीला जाऊन मिळायचं, एवढाच तिचा संसार. उन्हाळ्यात घोट्याएवढी असते, पावसाळ्यात अंगावर येते. मी तिशीत असताना आलेल्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. त्यानंतर नदी वसाहतीखालची माती कुरतडायला लागली आणि कंपाउंडची भिंत एका बाजूला कलली. पाण्याची कामं करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी तेव्हा नोकरीला होते, आजही तिथेच आहे. नदीच्या तळात कमरेइतकी उंच पायरी घालावी, असं मी सुचवलं. पाणी तिच्यावरून खाली पडेल, त्याचा जोर तिथेच मोडेल आणि माती जागेवर राहील, असा हिशेब होता. तो अचूक निघाला. भिंत अजून उभी आहे. मला त्या पायरीचा अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही.

तीनेक वर्षांपूर्वी ही सगळी नदी सुधारायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. डोंगरापासून खाडीपर्यंत एकच नदी धरून विचार करायचा होता. पूर कमी कसा होईल, पाणी स्वच्छ कसं होईल आणि मासे परत कसे येतील, असे कामाचे तीन भाग होते. पहिल्या दोन भागांवर बैठकांमध्ये तासन्‌तास भांडणं व्हायची. तिसरा भाग आला की लोक चहा मागवायचे. मीही त्यातलीच. पूर आणि पाणी हे माझं रोजचं काम. सांडपाण्याचे नाले नदीत पडण्याआधी वळवून घेणं, गोठ्यांचं शेण वेगळं उचलायला लावणं, वरच्या अंगाला सखल जागा मोकळी ठेवून पुराचं पाणी तिथे पसरू देणं, हे सगळं मला डोळे मिटून येतं. माशांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते तळून चांगले लागतात.

म्हणून मी आमच्या मावशीला विचारलं. मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. गेली चाळीस वर्षं माशांची टोपली घेऊन आमच्या दारात येते. तिनं मला शाळेत जाताना पाहिलंय. बांगडा ताजा आहे की नाही यावरून आईशी वाद घातलाय आणि आई गेली तेव्हा तेरा दिवस रोज येऊन नुसती बसून गेलीय. तिला मी सहज विचारलं, "मावशी, आपल्या नदीत पूर्वी मासा होता का गं?"

"होता काय विचारतेस? चिवणी यायची, चिवणी. वलगणीला."

वलगण म्हणजे पावसाळ्यात पाणी वाहायला लागलं की मासे उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात ती वेळ. चिवणी खाडीतली. वीतभर लांब, मिशा असलेली, खवले नसलेली. पोटात गाबोळी भरली की अंडी घालायला गोड्या पाण्याकडे निघते. आमच्याकडे चिवणीच्या गाबोळीसाठी लोक जीव टाकतात, माझे बाबा त्यात पहिले. मावशी दर आषाढात आणून द्यायची आणि आम्ही मिटक्या मारत खायचो. ती कुठून येते, कुठे निघालेली असते, हे मी जन्मात विचारलं नव्हतं.

"आता कुठवर येते?" मी विचारलं.

मावशीनं आमच्या मागच्या खिडकीकडे हात केला. "तुझ्या पायरीपर्यंत. तिथं डोकी आपटतात बिचारी. वर जायला नाय, खाली जायला मन नाय. माणसं घमेल्यानं उपसतात, उरलेली बगळे खातात."

मला राग आला. माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिला म्हटलं, पायरी नसती तर ही वसाहत नदीत गेली असती. ती म्हणाली, "मी कुठं नाय म्हटलं? तू विचारलंस, मी सांगितलं." आणि टोपली उचलून निघून गेली.

त्या आषाढात मी खाली उतरून बघितलं. पायरीवरून पडणाऱ्या पाण्याखाली, फेसाच्या कडेनं, काळ्या पाठी एकमेकींवर चढत होत्या. शेदोनशे तरी असतील. काठावर दोघं-तिघं घमेली घेऊन उभे होते आणि अगदी आरामात उपसत होते, कारण मासा कुठेच जाणार नव्हता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला लाज वाटली. चूक माझ्या हिशेबात नव्हती. हिशेब करताना नदीतून पाणी खाली येतं एवढंच मी धरलं होतं. खालून वर कुणी जात असेल, हा विचारच मला शिवला नव्हता.

पायरीला वाट करायची, असं मी ठरवलं आणि वरून मंजुरीही मिळवली. अट एकच होती, काठावरच्या वसाहतीची हरकत नको. वसाहतीच्या कमिटीचे चिटणीस कोण? माझे बाबा. वय एक्क्याऐंशी. आयुष्यभर ऑफिसात हेडक्लार्क होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

"पायरीला भोक पाडणार? वेड लागलंय का तुला?" ते म्हणाले.

"भोक नाही बाबा, खाच. दोन हात रुंद. बाकी पायरी जशीच्या तशी राहणार."

"आज दोन हात, उद्या चार. माती गेली की भिंत गेली. भिंत गेली की पाणी घरात. ती रेघ बघ."

मी आकडे मांडले. खाचेच्या तळाला दगड बसवले की माती का जाणार नाही, ते दाखवलं. पुराची पातळी कमी झाली ती गेल्या वर्षी आम्ही वरची सखल जागा मोकळी केल्यामुळे, पायरीमुळे नव्हे, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, दोन चुका काढल्या, त्यातली एक खरी होती, आणि शेवटी म्हणाले, "एवढी चांगली पायरी आहे तुझी. ती कशाला फोडतेस?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांना घराची भीती होतीच, पण ते माझीही बाजू घेत होते, माझ्याच विरुद्ध. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

कमिटीनं शेवटी एका पावसाळ्यापुरती ना-हरकत दिली. बाबांनी स्वतःच्या अक्षरात ठराव लिहिला. मासा वर जाताना चिटणिसांनी जातीनं पाहिला तर खाच ठेवावी, अन्यथा काँक्रीट भरून पूर्ववत करावी. मी म्हटलं, ठीक आहे. मला खात्री होती. माझ्या कामाची मला नेहमीच खात्री असते, हा माझा गुण आहे आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्यांच्या मते अवगुणही.

उन्हाळ्यात मी खाच करून घेतली. परदेशात सॅमन नावाच्या माशासाठी जिने बांधतात, त्यांचे फोटो मी एका प्रशिक्षणात पाहिले होते. एकावर एक पाण्याचे हौद, मासा एकातून दुसऱ्यात उडी मारत वर जातो. मला ते फार आवडलं होतं. तसाच, लहान आकाराचा, तीन हौदांचा जिना मी पायरीच्या बरोब्बर मध्यावर बसवला. दिसायला इतका सुबक झाला होता की मी त्याचे फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी "झकास" म्हटलं.

पाऊस सुरू झाला, नदी वाहायला लागली, खाडीचं पाणी पायरीच्या पायथ्याशी आलं, आणि माझ्या जिन्यावरून एकही मासा वर गेला नाही. सलग चार दिवस मी रेनकोट घालून बसले. चिवण्या आल्या होत्या. नेहमीसारख्या कडेला जमल्या होत्या आणि मधला जिना रिकामा वाहत होता.

मावशीला आणून दाखवलं. ती जिन्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय केलंस?"

"माशांसाठी जिना."

"कुठला मासा?"

मी तिला सॅमनचं सांगितलं. उडी मारतो, धबधबासुद्धा चढतो वगैरे. ती इतकी हसली की तिला छत्री धरवेना.

"अगं बाय, चिवणी काय उड्या मारते? ती पोटावर चालते, पोटावर. दगडाच्या आडोशानं, कडेकडेनं. आणि तू तिला मधल्या धारेत बोलावतेस. ती काय नवरदेव हाय, मधून वरात काढायला?"

मी शिकलेली, पंचवीस वर्षं हेच काम करणारी, आणि दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माशासाठी जिना बांधून मोकळी झाले होते. इथल्या माशानं इथे कसं चालावं, हेसुद्धा मी बाहेरून आणलं होतं. चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, तरी मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात सांगितली, कारण लपवली असती तर पुढचं काम झालं नसतं.

बाबा खिडकीतून सगळं बघतच होते. "काय, गेला का मासा?" असं ते रोज विचारायचे. त्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागायचा. पावसाळा अर्ध्यावर आला होता. वलगण काही रोज होत नाही. भर पावसात, उधाणाच्या चार-पाच दिवसांत काय ते. तसे आणखी एक-दोनच मोके हाती होते.

अष्टमीच्या सुमाराला भरती अगदी कमी चढते, मावशी त्याला भांग म्हणते. त्या दोन दिवसांत पाऊसही जरा थांबला होता. मी कामाची माणसं उतरवली. पायरीच्या डाव्या कडेला, काठाला चिकटून नवीन खाच घेतली आणि तिच्यापासून खाली तळापर्यंत दगडांचा उतार केला. ओबडधोबड दगड, तारेच्या जाळीत बांधून बसवलेले, मधूनमधून हातभर फटी. पाणी त्यातून खळखळत, थांबत, वळत खाली येत होतं. दगड कुठे आणि कसा ठेवायचा ते मावशी काठावरून सांगत होती आणि माझी माणसं माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून काम करत होती. मधला सुबक जिना मी दगडांनी भरून टाकला. आता ते दिसायला एखाद्या ढासळलेल्या बांधासारखं दिसत होतं. त्याचा फोटो मी कुणाला पाठवला नाही.

त्यानंतर पाच दिवसांनी, उधाण जवळ आलं असताना, दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि त्यातच मोठी भरती आली. वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाट लागली, वाट लागली असे मेसेज सुरू झाले. मी छत्री घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभी होते. पाणी भिंतीच्या पायाला लागलं, तिथे रेंगाळलं आणि दुपारी उतरलं. दगड जागेवर होते, मातीही जागेवर होती. मला वाटलं होतं तसंच झालं. बाबा गमबूट घालून खाली आले, भिंत हातानं दाबून बघितली आणि वर गेले. म्हणजे पुराचं भांडण मी जिंकले होते. मासा मात्र बाकी होता.

अमावस्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रिकाम्या हातांनी दारात आली.

"आज येतील. वरती डोंगरात पाऊस हाय. भाऊंना खाली आण." बाबांना ती भाऊ म्हणते.

"किती वाजता?" बाबांनी आतून विचारलं.

"तिथी कुठली आज?"

"पाडवा सकाळीच संपला. दुपारी द्वितीया."

"मग दोनची पाऊणपट करा."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा जुना हिशेब. बाबांचा चेहरा उजळला. पावकी, निमकी, पाऊणकी सगळी पाढ्यासारखी पाठ असलेली ही शेवटची पिढी. "दीड," ते म्हणाले. "दीड वाजता भरती पूर्ण." मी मोबाइलमध्ये बघितलं, तिथे एक वाजून अडतीस मिनिटं होती. आठ मिनिटांच्या फरकानं दोघांनाही काही वाटलं नाही. खाडीच्या तोंडापासून आमच्या पायरीपर्यंत पाणी चढायला आणखी अर्धा तास लागतो, हे मी सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाली, "ते मी धरलेलंच हाय."

पावणेदोनला आम्ही तिघं खाली उतरलो. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, वर मी छत्री धरली. खाडीचं पाणी चढत चढत पायरीच्या निम्म्यावर आलं. नदी वरून लाल, गढूळ होऊन येत होती. दोन्ही पाणी एकमेकांना टेकली तसा आवाज बदलला, जरा जड झाला.

"आल्या," मावशी म्हणाली.

"कुठे?" बाबा म्हणाले.

मलाही काही दिसत नव्हतं, आणि नेमक्या याच गोष्टीचा मी विचार केला नव्हता. मातकट पाण्यातून मातकट मासा पोटावर चालत निघालाय, तो वरून दिसणार कसा? सॅमन उडी मारतो म्हणून दिसतो. इथे चिटणिसांनी जातीनं पाहायला हवं होतं, आणि बघायला होतं फक्त चहासारखं पाणी. जाळं लावून दाखवता आला असता, पण मग तो वर गेला असं कसं म्हणणार? बाबा तशी पळवाट कुणालाच काढू देत नाहीत, मला तर नाहीच.

"मावशी, एक धरून दाखव ना," मी कुजबुजले.

"धरून काय करू? चाललीय तर चालू दे की तिला."

बाबा खुर्चीतून उठले. पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला, काठावरच्या दगडावर उकिडवे बसले आणि खाचेच्या वरच्या तोंडाशी, जिथून मासा पलीकडच्या गोड्या पाण्यात निघाला असता, तिथे उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. मी त्यांचा दुसरा दंड घट्ट धरला.

"भाऊ, काटा असतो तिला. तीन काटे. मूठ करू नका," मावशी म्हणाली.

"मला माहीत आहे. पन्नास वर्षं खातोय."

"खाताना मी मोडून देते ते काटे."

ते तसेच बसून राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. त्यांच्या पाठीवर पाऊस पडत होता, कारण छत्री केव्हाच वाऱ्यानं उलटी झाली होती. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "काहीतरी लागलं," ते म्हणाले. "पुन्हा लागलं. दोन. अगं, तीन गेल्या." ते मोजायला लागले. मोठ्यांदा, ऑफिसात कागद मोजत असतील तसे. सतरापर्यंत आले आणि त्यांच्यातल्या कुठल्या तरी जुन्या खवय्यानं उचल खाल्ली असावी, त्यांनी बोटं मिटली.

त्यांनी हात झटक्यानं बाहेर काढला. तर्जनीतून रक्त येत होतं. ते एक शब्द बोलले, जो मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मावशीनं कपाळाला हात लावला. मी मात्र हसत होते आणि रडत होते, दोन्ही, आणि पावसामुळे कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर गरम पाण्यात हात बुडवून झाला, डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन झालं. संध्याकाळपर्यंत बोट काकडीसारखं सुजलं. त्या दिवशी कमिटीची बैठक नव्हती, पण बाबांनी रजिस्टर काढायला लावलं. त्यांना पेन धरता येत नव्हतं, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहिलं.

"मासा खाचेतून वर जातो. चिटणिसांनी प्रत्यक्ष हाताने खात्री केली. संख्या सतरा, त्यापुढे मोजणी थांबवावी लागली. खाच बुजवू नये."

मी पेन ठेवणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पायरी होऊन किती पावसाळे झाले गं?"

मला मोजावं लागलं नाही. त्या वर्षी मे महिन्यात काम पुरं झालं होतं आणि उद्घाटनाला आई होती. "एकोणीस," मी म्हटलं. "हा विसावा."

"एकोणीस पावसाळे त्या खाली येऊन थांबल्या."

"हो."

"आणि आपण त्या खात होतो."

मी मान हलवली. ते खिडकीतून बाहेर बघत होते. अंधारायला लागलं होतं, पायरी दिसत नव्हती, नुसता पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ते माझी समजूत काढतील. तुला कुठे ठाऊक होतं, तू नवखी होतीस, असं काहीतरी म्हणतील. मला ते नको होतं.

"तेही लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. या पायरीमुळे एकोणीस पावसाळे चिवणी मासा वर जाऊ शकला नाही. पायरीचा आराखडा माझा होता. खाली माझं नाव लिहिलं. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, चष्मा लावून ते दोनदा वाचलं, डाव्या हातात पेन धरून एक अनुस्वार दुरुस्त केला आणि माझ्या नावाशेजारी वेडीवाकडी सही केली.